फाळका पाडला म्हणून मायलेज वाढत नाही

अमेरिकेत पिकअप चालवणाऱ्यांमध्ये एक समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे: सामानाच्या हौद्याचा मागचा फाळका पाडून ठेवा, वारा आरपार जाईल, पेट्रोल वाचेल. फोर्ड मॅव्हरिकसारखी छोटी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली, पिकअप रोजच्या कामासाठी घेणाऱ्यांनाही हाच सल्ला मिळतो. तो चुकीचा आहे.

फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि टपावरून येणारा वारा त्याच्यावरून घसरत मागे निघून जातो. हौद्यात चार सुकी पानं टाकून गाडी पळवा आणि आरशात बघा. पानं सरळ मागे उडत नाहीत, तळाशी उलटी केबिनकडे सरकतात आणि गोल फिरत राहतात. तोच तो भोवरा. फाळका पाडला की तो मोडतो आणि हवेचा अडथळा बहुधा वाढतो. शिवाय सामान रस्त्यावर सांडायची भीती, ती वेगळीच.

मुळात शहरातल्या कमी वेगात वाऱ्याचा वाटा लहान असतो. तिथे इंधन खातं ते सततचं थांबणं-निघणं. मॅव्हरिक हायब्रिड ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते, म्हणून २०२२ च्या मॉडेलचा अमेरिकी सरकारी आकडा शहरात लिटरला सुमारे १८ किलोमीटर आहे, तर हायवेवर १४. बचत हवी असेल तर हायवेवर वेग आवरा, टायरमधली हवा तपासा. आणि फाळका कृपा करून बंदच ठेवा.