शोध अहवाल (सर्च रिपोर्ट)

जमीन, गाळा किंवा कारखाना विकत घेण्यापूर्वी, अथवा तो तारण ठेवून कर्ज देण्यापूर्वी, मालकी हक्काची वकिलाकडून करून घेतलेली तपासणी आणि तिचा लेखी निष्कर्ष. महाराष्ट्रात उद्योजक, बिल्डर आणि बँका याला ‘सर्च रिपोर्ट’ म्हणतात. भारतात 1908 च्या नोंदणी कायद्याखाली दस्ताची नोंद होते, मालकीची नव्हे. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा दुय्यम निबंधक करत नाही. ते घेणाऱ्यानेच पाहायचे असते.

शोध साधारणपणे मागच्या 30 वर्षांचा घेतात. 1963 च्या मुदत कायद्यानुसार गहाण सोडवून घेण्याची मुदत तेवढीच आहे. सर्च फी भरली की दुय्यम निबंधक कार्यालयातील ‘सूची 2’ (नोंदलेल्या दस्तांची मिळकतवार यादी) पाहता येते. संगणकापूर्वीच्या वह्या अनेक ठिकाणी जीर्ण झाल्या आहेत, त्यामुळे ‘अमुक वर्षांची पाने फाटलेली आढळली’ असे वाक्य अहवालात हमखास येते. वकील ते स्वतःच्या बचावासाठी लिहितो. घेणाऱ्याने मात्र आधी तेच वाचावे.

सातबाऱ्यावर मालकाचे नाव सगळेच पाहतात. खरी मेख ‘इतर हक्क’ या रकान्यात असते: सोसायटीचा (गावच्या सहकारी पतसंस्थेचा) कर्जाचा बोजा, कुळाचे नाव किंवा ‘कुळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’ हा शेरा. अशी जमीन पूर्वी परवानगीशिवाय विकता येत नसे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला 10 वर्षे झाली असल्यास, शेतसाऱ्याच्या 40 पट रक्कम भरून काही अटींवर ती विकता येते. जमीन भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली) असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर अटी आणखी कडक होतात.

पुढे एकेक फेरफार (सातबाऱ्यावरील हक्कबदलाची नोंद) मागे मागे वाचत जायचे. फार जुने फेरफार मोडीत असतात, त्यांना मोडी वाचक लागतो. समजा, वडिलांच्या पश्चात वारस फेरफारात तीन भावांची नावे लागली आणि बहिणीचे लागले नाही. तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर तिच्या सहीशिवाय खरेदीखत करणे म्हणजे दाव्याला आमंत्रण आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हा मुद्दा अधिकच धारदार झाला. गोव्यात तर विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती आहे का, हेही पाहावे लागते.

विकणारी कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडील बोजांची नोंदही तपासतात. कंपनीने बोजा निर्माण झाल्यापासून 30 दिवसांत तो नोंदवणे 2013 च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे.

शेवटी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते: ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की…’ बहुधा 7 ते 15 दिवसांत हरकत न आल्यास कोणाचा हक्क असल्यास तो सोडून दिला असे समजले जाईल, असे तीत म्हटलेले असते. पण नोटीस न वाचल्याने कोणाचा हक्क आपोआप बुडत नाही. घेणाऱ्याने चौकशी केली होती, एवढाच तो पुरावा. उलट, मुद्दाम चौकशी टाळणाऱ्याला दोषाची माहिती होती, असेच मालमत्ता हस्तांतरण कायदा (1882) मानतो.