एक अधिक एक आणि तीनशे पाने

'एक अधिक एक दोन' हे सिद्ध करायला व्हाइटहेड आणि रसेल या गणिती-तत्त्वज्ञांना तीनशेहून अधिक पाने लागली, ही सर्रास सांगितली जाणारी गोष्ट दिशाभूल करणारी आहे. गणित निव्वळ तर्कशास्त्रातून उभे करू पाहणाऱ्या त्यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातली (१९१०) ती पाने सर्वसाधारण तर्कशास्त्राच्या उभारणीत खर्ची पडली. संबंधित विधानाची (क्रमांक ५४.४३) सिद्धता जेमतेम काही ओळींची आहे, आणि तिथे बेरजेची व्याख्याच झालेली नसल्याने प्रत्यक्ष समीकरण दुसऱ्या खंडात (१९१२), 'अधूनमधून उपयोगी' अशा मिश्कील शेऱ्यासह येते. खरा वाद पानांचा नाहीच; गणित खरोखर निव्वळ तर्कशास्त्रातून निघते का, हा आहे. जगात वस्तू मोजक्याच असत्या, तर या दोघांच्या मांडणीत एका टप्प्यापुढच्या सगळ्या संख्या एकच ठरल्या असत्या. म्हणून अनंत वस्तूंचे गृहीतक घ्यावे लागले, आणि ते निव्वळ तर्कशास्त्रातले म्हणणे अवघड आहे.