अक्षर एकच, रेघांचा क्रम वेगळा: चिनी हान्झी आणि जपानी कांजी

पुण्यात जपानी शिकणारे खूप आहेत. घरी कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं (चिनीत त्यांनाच हान्झी म्हणतात), गिरवताना त्यातले बरेच जण मोबाइलवर 'स्ट्रोक ऑर्डर', म्हणजे रेघांचा क्रम, शोधतात आणि जे पहिलं ॲनिमेशन दिसेल ते बघून वही भरतात. ते ॲनिमेशन अनेकदा चिनी असतं. अक्षर हुबेहूब तेच, त्यामुळे शंका येत नाही. पुढे वर्गात सेन्सेई (शिक्षक) क्रम चुकला म्हणतात, तेव्हा गोंधळ उडतो, कारण चीनमध्ये तोच क्रम बरोबर असतो.

बहुतेक अक्षरांत दोन्ही देशांचा क्रम जुळतो. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, चौकट असेल तर आतलं लिहून मग तळ बंद करायचा. फरक पडतो तो मोजक्याच अक्षरांत, पण ती अक्षरं रोजच्या वापरातली आहेत.

'राजा' या अर्थाचं अक्षर घ्या. चिनीत वांग, जपानीत ओऽ. तीन आडव्या रेघा आणि मधोमध एक उभी. चीनमध्ये वरच्या दोन आडव्या, मग उभी, शेवटी तळाची. जपानमध्ये वरची आडवी काढली की लगेच उभी, मग मधली, मग तळाची. 'शेत' म्हणजे चौकोन आणि आत अधिकचं चिन्ह. त्या अधिकात चीनमध्ये आडवी आधी, जपानमध्ये उभी आधी.

मला सर्वांत आवडणारी जोडी 'डावा' आणि 'उजवा'. दोन्ही अक्षरांच्या माथ्यावर एक आडवी रेघ आणि तिला छेदून डावीकडे उतरणारी तिरकी. चीनमध्ये दोन्हींची सुरुवात आडवीनेच होते. जपानमध्ये 'डावा' आडवीने सुरू होतो, 'उजवा' तिरकीने. हे उगाच नाही. जुन्या लिपीत या जागी हाताचं चित्र होतं, एकात डाव्या आणि दुसऱ्यात उजव्या. जपानी रीतीत दोन रेघांपैकी आखूड ती आधी येते: 'डावा'मध्ये आडवी आखूड, 'उजवा'मध्ये तिरकी. ब्रशने लिहिलेली ही दोन अक्षरं शेजारी ठेवून बघा, लांबीतला फरक लगेच दिसतो. छापील अक्षरात तो जवळजवळ हरवतो.

नियमाचं वजनही दोन्हीकडे सारखं नाही. चीनने १९९७ साली ७,००० अक्षरांचा क्रम सरकारी प्रमाण म्हणून ठरवून दिला. १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नव्या प्रमाणात ८,१०५ अक्षरं आहेत. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली प्राथमिक शाळेतल्या ८८१ कांजींसाठी मार्गदर्शिका काढली, आणि यात न दिलेले क्रम चुकीचे समजू नयेत असं तिच्यातच लिहिलं. शाळांमधून मात्र तोच क्रम रुजला. हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये: बाळबोधीत अक्षर काढून मग शिरोरेषा ओढतात, मोडीत रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत. दोन्ही मराठीच.

मग कुठलाही क्रम चालेल का? माझं स्पष्ट मत, नाही. जी भाषा शिकताय तिचा क्रम धरा आणि सरमिसळ करू नका. चीनमध्ये फोनवर रेघांनी टाइप करायची पद्धत आहे: आडवीला १, उभीला २, डाव्या तिरकीला ३, टिंबाला ४, वळणाऱ्या रेघेला ५. 'राजा' म्हणजे १-१-२-१. जपानी सवयीने १-२-१-१ दाबलंत तर हवं ते अक्षर समोर येईलच असं नाही. जपानी हस्ताक्षरात उलट प्रकार. भरभर लिहिताना उभी रेघ खाली आली की पेन न उचलता मधल्या आडवीकडे वळतं आणि तिथून तळाला जातं. चिनी क्रमाने शिकलेला हात तिथे अडतो, आणि दुसऱ्याने भरभर लिहिलेली चिठ्ठीही वाचायला जड जाते.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही, सगळे पर्यायी प्रश्न असतात. त्यामुळे परीक्षेपुरतं शिकणाऱ्याचं यात काही अडत नाही. हाताने लिहायचं असेल त्याने मात्र नवं ॲप घेतलं की आधी त्यात 'उजवा' उघडावा. पहिली रेघ आडवी आली तर ते कांजीसाठी वापरू नये.