ई-स्पोर्ट्स संघ, जुलै 2022 आणि मराठवाड्यातली मुलं : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथल्या गेमिंग कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक हा पीसीवरचा बंदुकीचा गेम खेळणारी एक पिढी होऊन गेली. त्यांच्यासाठी ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे स्पर्धेतल्या व्हिडिओ गेमच्या, व्यावसायिक संघापर्यंत जायला वाट नव्हती, घरी चांगला पीसी असणं हीच चैन होती. वाट मोबाइलने काढली. सप्टेंबर 2016मध्ये स्वस्त 4जी आलं, मार्च 2018मध्ये पबजी मोबाइल हा शेवटपर्यंत टिकून राहायचा बंदुकीचा गेम आला, आणि हिंगोलीतल्या पोराला मुंबईतल्या पोरासमोर त्याच मॅपवर उतरता आलं.

संघ चालवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या त्या याच काळात. चार खेळाडू, एखादा राखीव, कोच, ॲनालिस्ट, महिन्याचा पगार आणि बूटकॅम्प, म्हणजे संघाने एकत्र राहून सराव करायची जागा. बक्षिसाच्या रकमेवर हा खर्च निघत नाही. प्रायोजक आणि स्ट्रीमिंग, म्हणजे खेळ ऑनलाइन थेट दाखवणं, यांवरच गाडा चालतो. बूटकॅम्प मोठ्या शहरांत, त्यामुळे निवड झाली की घर सोडणं आलं. गावी राहून स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या संघांशी सरावाचे सामने, खेळणं सोपं नाही. संध्याकाळी लाइट गेली की वायफाय बंद, सिमवर येईपर्यंत पिंग (सर्व्हरपर्यंतचा उशीर) दोनशे मिलिसेकंदांपार, आणि तेवढ्यात एक गडी झोनबाहेर, म्हणजे मॅपवरच्या आक्रसत जाणाऱ्या सुरक्षित भागाबाहेर, अडकला की बाकी तिघांचा सामना गेला.

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने 118 ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ती बंदी निदान जाहीर होती, यादीसकट. जुलै 2021मध्ये बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचीच भारतासाठीची आवृत्ती, आला आणि संघ पुन्हा जमले.

खरा वाद पुढचा आहे. 28 जुलै 2022 रोजी बीजीएमआय दोन्ही ॲप स्टोअरवरून काढला गेला. आधार माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम 69अचा, ज्याखाली सरकार देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी ऑनलाइन गोष्टी बंद करू शकतं. या कलमाखालच्या 2009च्या नियमांत तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. त्यामुळे आदेश लोकांसमोर आला नाही, मुदतही कळली नाही. देशाची सुरक्षा हा मुद्दा गंभीर आहे, त्यावर सरकारने निर्णय घ्यावा हेही मान्य. पण ज्यांची रोजीरोटी त्या ॲपवर होती त्यांना किती दिवस थांबायचं एवढं तरी कळायला हवं होतं. बीजीएमआयच्याच कंपनीचा न्यू स्टेट हा दुसरा गेम मात्र चालू राहिला, आणि अनेक संघ तिकडे वळले. ज्या खेळाडूचं स्ट्रीमिंग जोरात होतं तो तगला. नुसता बंदुकीवर हात बसलेला, कॅमेऱ्यासमोर न बोलणारा पोरगा मागे पडला. आपल्याकडची बरीच मुलं या दुसऱ्या प्रकारातली. घरी तर त्याआधीपासूनच पोलीस भरती आणि एमपीएससीचा धोशा होता.

मे 2023मध्ये तीन महिन्यांच्या चाचणी परवानगीवर गेम परतला, 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तासांची मर्यादा घालून. मधल्या काळात, डिसेंबर 2022मध्ये, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आणि ऑनलाइन गेमिंग माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे सोपवलं होतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 2023मध्ये ई-स्पोर्ट्सला पदकं होती.

ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स वेगळं काढलं. प्रवेश शुल्क आणि कामगिरीवरचं बक्षीस चालतं, पैज चालत नाही. मराठवाड्यातल्या पालकांना हा फरक समजावून सांगायला आता कायद्याचं कलम हाताशी आहे. मात्र कलम 69अखालची गोपनीयता जशीच्या तशी आहे.