तोच प्रोग्राम, वेगळं यंत्र: कॉम्प्युटरचं आर्किटेक्चर आणि ऑर्गनायझेशन

तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. एक, "भाऊ, आपलं जुनं सॉफ्टवेअर याच्यावर चालन का?" आणि दुसरा, "हा एवढा स्लो काऊन चालते?" दुकानदाराकडे दोन्हींना एकच उत्तर तयार असतं: "आय-फाइव्ह घ्या, मंग टेन्शन नाही." दुसऱ्या प्रश्नाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. पहिल्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रोग्राम चालेल की नाही, हे आर्किटेक्चरवर ठरतं. किती वेगानं चालेल, वीज किती खाईल, हे बहुतेक ऑर्गनायझेशनवर. डिप्लोमाला हे दोन शब्द एका दमात शिकवतात, परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून विचारतात, पोरं चार मुद्द्यांचा तक्ता काढून मोकळी होतात. तक्ता पाठ होतो, पण समोरच्या मशीनमध्ये त्यातलं कुठलं काय आहे, ते मात्र कळत नाही.

आर्किटेक्चर म्हणजे प्रोसेसरनं प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिलेला शब्द. मला अमुक सूचना कळतात, माझ्याकडे इतकी रजिस्टरं (हाताशी संख्या ठेवायच्या जागा) आहेत, मेमरीचा पत्ता इतक्या बिटांचा (0 किंवा 1 अशा खुणांचा) असतो, बेरीज रजिस्टरात न मावता उतू गेली तर मी अशी खूण करतो. एवढं पाळलं जाणार, हा करार. तो पाळण्यासाठी आत काय-काय उभारलं, म्हणजे बेरजेची सर्किटं किती, कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) किती मोठी, डेटा एका वेळी किती रुंदीनं सरकतो, ते झालं ऑर्गनायझेशन.

हिंगणघाट किंवा वणीकडच्या जिनिंगचं पाहा. कापूस आत जातो, रुई आणि सरकी वेगळी होऊन बाहेर येते. गाडी घेऊन आलेल्याला एवढंच ठाऊक असावं लागतं. आत रोलरच्या मशिनी सहा आहेत की चोवीस, कापूस माणसं टोपल्यांनी टाकतात की सक्शनचा पाइप ओढतो, यानं त्याच्या कपाशीचं काही वेगळं होत नाही. फक्त रांगेत किती वेळ उभं राहायचं ते बदलतं. मोठ्या जिनिंगमध्ये एकीकडे पाइप कापूस ओढत असतो, मध्ये रोलर रुई काढत असतात, तिकडे प्रेस आधीच्या रुईची गाठ बांधत असतो. एका बोंडाचा आतला प्रवास त्यामुळे लवकर संपत नाही, पण तासाला निघणाऱ्या गाठी वाढतात. प्रोसेसरमधली पाइपलाइन हीच युक्ती करते: एक सूचना पार पडत असताना पुढची उलगडली जाते आणि तिसरी मेमरीतून आणली जाते. प्रोग्रामला याचा पत्ताही लागत नाही.

ही फारकत आज सरळ वाटते. साठाहून जास्त वर्षांपूर्वी ती नव्हती. तेव्हा आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीचीच वेगवेगळ्या मालिकांतली मशीनं एकमेकांचे प्रोग्राम चालवत नसत. धंदा वाढला, मोठं मशीन घेतलं, की सगळे प्रोग्राम नव्यानं लिहा. 7 एप्रिल 1964 रोजी कंपनीनं सिस्टम/360 जाहीर केली आणि हा प्रकार मोडीत काढला. लहान-मोठी सहा मॉडेलं, पण सूचनांची यादी सगळ्यांची एकच. जीन अॅमडाल, गेरिट ब्लाऊ आणि फ्रेड ब्रुक्स यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात 'आर्किटेक्चर' हा शब्द मुद्दाम वेगळा काढला: प्रोग्रामरला यंत्र जसं दिसतं, तेवढंच. आतल्या तारा आणि सर्किटं त्यातून बाहेर.

या मशीनांचं एक उदाहरण मला कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त पटतं. सिस्टम/360 ची रजिस्टरं 32 बिटांची. मॉडेल 50 मध्ये डेटाचा मार्गही 32 बिटांचा, म्हणून दोन संख्या एका फेरीत मिळवल्या जात. स्वस्तातल्या मॉडेल 30 मध्ये मार्ग फक्त 8 बिटांचा. तीच बेरीज तो तुकडे करून चार फेऱ्यांत करी, हातचा पुढे नेत. उत्तर अगदी तेच, वेळ जास्त, किंमत कमी. आर्किटेक्चर 32 बिटांचं, ऑर्गनायझेशन 8 बिटांचं, आणि दोन्ही विधानं एकाच मशीनबद्दल खरी.

पॉलिटेक्निकला अजून शिकवतात त्या इंटेलच्या 8086 या प्रोसेसरचीही अशीच जोडी आहे. 1978 चा 8086 बाहेरच्या जगाशी 16 तारांनी डेटा बोलतो. पाठोपाठ आलेला 8088 फक्त 8 तारांनी. सूचना दोघांच्या त्याच. 8 बिटांचे जोडीला लागणारे चिप स्वस्त होते, म्हणून आयबीएमनं 1981 च्या आपल्या पीसीत 8088 बसवला. '8086 चा प्रोग्राम 8088 वर चालेल का?' हा तोंडी परीक्षेतला लाडका प्रश्न. चालतो.

आता आपल्या गावच्या सेवा केंद्रात या. टेबलावर एक इंटेलचा डेस्कटॉप, शेजारी एएमडीचा लॅपटॉप. कंपन्या वैरी, आतली रचना पूर्ण वेगळी, तरी एकाच पेनड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर दोन्हींवर बसतं, कारण आर्किटेक्चर एक. गंमत म्हणजे इंटेलच्या 8086 पासून चालत आलेल्या या आर्किटेक्चरला 64 बिटांचं रूप एएमडीनं 2003 मध्ये दिलं आणि पुढच्याच वर्षी इंटेलनं ते उचललं. त्यामुळे सेलेरॉन, आय-थ्री, आय-फाइव्ह, रायझन यांतून निवडताना आपण बहुतांशी ऑर्गनायझेशन निवडत असतो.

अडचण येते ती दुसऱ्या बाजूनं, म्हणजे आर्किटेक्चरच्या. 32 बिटांच्या पत्त्यानं 4 जीबीच्या पलीकडे पोचता येत नाही. म्हणून 8 जीबी रॅम टाकूनही 32 बिटांचं विंडोज तेवढ्यावरच अडतं. 64 बिटांचं विंडोज टाकलं, की अंगठ्याच्या जुन्या मशीनचा 32 बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, आणि अडत्याच्या दुकानातला डॉसवरचा कापसाच्या हिशोबाचा प्रोग्राम थेट उघडत नाही. प्रोसेसर कितीही वेगवान घ्या, यात फरक पडत नाही. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवालं जुनं मशीनही असंच अडतं. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीला पॉपकाउंट नावाची सूचना लागते. संख्येत किती बिट 1 आहेत ते मोजणारी, एवढीशी. त्या प्रोसेसरला ती येतच नाही. तिथं रॅम वाढवणं म्हणजे पैसा पाण्यात. मात्र तेच मशीन सातबारा उघडायला दहा मिनिटं घेत असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा. ते दुखणं करारातलं नाही.

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, वर टिनाचं छप्पर, पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू. तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच घड्याळाचा वेग, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या, खाली आणतो. तेव्हाही हिशोब चुकत नाही, नुसता रेंगाळतो. ऊन आर्किटेक्चरला शिवत नाही म्हणा ना.

इतकी स्वच्छ रेघ मारल्यावर एक पेच सांगितलाच पाहिजे. जानेवारी 2018 मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी जगासमोर आल्या. वेग वाढावा म्हणून आजचे प्रोसेसर पुढच्या सूचनांचा अंदाज बांधून कामं आधीच करून ठेवतात. अंदाज चुकला तर केलेलं पुसून टाकतात. रजिस्टरं पूर्ववत होतात, करार पाळला जातो. पण कॅशमध्ये काय आणलं होतं, त्याचा माग उरतो, आणि एखादी जागा वाचायला किती वेळ लागला हे मोजून दुसऱ्याची गुपितं ताडता येतात. आर्किटेक्चरच्या कागदावर वेळेचा उल्लेखच नव्हता, म्हणून कागदाप्रमाणे कुणी काही मोडलं नव्हतं. तरी इंटेल, एएमडी, एआरएम सगळ्यांनाच दुरुस्त्या कराव्या लागल्या. आत काय चाललंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, हे वाक्य तेव्हापासून जरा दबकतच म्हणावं लागतं.

हात घालून पाहायचं असेल तर रिस्क-फाइव्ह हे आर्किटेक्चर सोयीचं आहे. 2010 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या विभागात ते सुरू झालं. यादी सर्वांना खुली, वापरायला परवान्याचे पैसे लागत नाहीत. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सी-डॅकचे वेगा प्रोसेसर याच यादीवर, पण आपापल्या आतल्या रचनेनं उभे आहेत. मूळ 32 बिटांच्या संचात जेमतेम 40 सूचना आहेत, त्यामुळे पुसद, शेगाव, बडनेरा किंवा सेवाग्रामच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे झेपतं. एकानं प्रत्येक सूचना एकाच फेरीत संपवणारा साधा प्रोसेसर एफपीजीएवर (आतली जोडणी आपल्याला ठरवता येते अशा चिपवर) उतरवावा, दुसऱ्यानं पाच टप्प्यांच्या पाइपलाइनचा. मग दोघांवर शंभर आकडे क्रमानं लावणारा एकच प्रोग्राम चढवायचा. आकडे दोन्हीकडे सारखेच लागतील. फेऱ्या मोजल्या तर पाइपलाइनवाल्याच्या थोड्या जास्तच भरतील, कारण मध्येच उडी आली, म्हणजे प्रोग्राम ओळीतली पुढची सूचना सोडून दुसरीकडेच वळला, की भरलेले टप्पे रिकामे करावे लागतात. पण त्याची एकेक फेरी आखूड असल्यानं घड्याळ बरंच जोरात पळवता येतं. लागलेला वेळ फेऱ्यांच्या आकड्याला एका फेरीच्या लांबीनं गुणून काढायचा.