वीज काढलेलं पाणी आणि अकोले तालुक्यातला वारा

‘धरणात पाण्यातली वीज काढून घेतात, मग त्या पाण्यात सत्त्व उरत नाही,’ हे वाक्य पारावर दोन-तीन पिढ्या फिरतंय. खरंच काय घडतं ते सतलजवर बघू.

केंद्र आणि हिमाचल सरकारच्या ‘एसजेव्हीएन’ कंपनीचा नाथपा झाक्री प्रकल्प १५०० मेगावॉटचा. नाथप्याला अडवलेलं पाणी २७.४ किलोमीटर लांब बोगद्यातून झाक्रीला येतं, सुमारे ४२८ मीटर खाली कोसळतं आणि २५० मेगावॉटचे सहा संच फिरवतं. पाण्याने गमावली ती उंची, बाकी काही नाही. हेच ‘चोथा’ झालेलं पाणी पुढे रामपूर प्रकल्पात जातं आणि आणखी ४१२ मेगावॉट वीज देतं! पाण्यात वीज असतीच, तर ती पहिल्यांदाच संपली असती ना?

तक्रार करायचीच तर खरी करा: बंधारा ते झाक्री या टप्प्यात नदीचं पात्र रोडावतं.

हीच कंपनी आता वाऱ्यातून आणि उन्हातूनही वीज करते. अहिल्यानगरच्या अकोले तालुक्यात खिरविरे परिसरात तिच्या ५६ पवनचक्क्या आहेत, प्रत्येकी ८५० किलोवॉटच्या, म्हणजे एकूण ४७.६ मेगावॉट. पात्यांनी वाऱ्याचा वेग थोडा खाल्ला, तेवढंच. तिथला वारा ‘निःसत्त्व’ झाला, असं मात्र अजून कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.