बर्लिन बचाव आणि बरोबरीचा डाव

बर्लिन बचाव म्हणजे बुद्धिबळातील स्पॅनिश सुरुवातीला काळ्याने द्यायचे एक जुने उत्तर. चाली अशा (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६. १९व्या शतकात बर्लिनच्या खेळाडूंनी तो घोटला, त्यावरून हे नाव.

खरी गंमत आठव्या चालीला आहे. वजिराला वजीर मारला जातो, काळ्याचा राजा डी८ वर उघड्यावर येतो, किल्लेकोटाचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क जातो आणि सी-पट्टीत दोन प्यादी एकामागे एक अडकतात. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन. बाकीची सगळी मोहरी उतरली तर डाव बहुधा पांढऱ्याचाच. पण काळ्याचे दोन्ही उंट शाबूत असतात आणि पांढऱ्याला आत शिरायला वाट सापडत नाही. लंडनमध्ये २००० साली क्रामनिकने याच भिंतीआड जगज्जेत्या कास्पारोव्हला चार डावांत रोखले. चारही बरोबरीत सुटले आणि सामन्याअखेर जगज्जेतेपद क्रामनिककडे गेले.

दुसरी बरोबरी निराळी. सहाव्या चालीला पांढऱ्याने बी५ वरचा उंट देऊ केला, की पुढे दोन्ही वजीर त्याच त्या घरांत फिरू लागतात आणि १४व्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा येते; मग बरोबरी मागता येते. गुण तेवढाच, अर्धा. माझ्या मते मात्र पहिली बरोबरी झुंजून कमावलेली आणि दुसरी ठरवून घेतलेली. दोन्ही एका मापाने मोजू नयेत.

बार्देशात हडफडे येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हा या अर्ध्या गुणाचे मोल गोव्याने जवळून पाहिले. प्रत्येक फेरीत दोन संथ डाव, बरोबरी झाली तर जलद डाव. काळ्या मोहऱ्यांनी अर्धा गुण राखणे म्हणजे अर्धी फेरी सावरणे. उपांत्यपूर्व फेरीत भारताच्या अर्जुन एरिगैसीचे चीनच्या वेई यीविरुद्धचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत तो बाद झाला. अंतिम फेरीतही दोन्ही संथ डाव बरोबरीत गेले; चषक उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हने जलद डावांत जिंकला.

तिहेरी पुनरावृत्तीचा दावा करताना मुलांची एक चूक हमखास होते. आपल्या चालीने ती स्थिती येणार असेल, तर चाल खेळायची नसते. ती आधी नोंदपत्रिकेवर लिहायची, घड्याळ थांबवायचे आणि पंचांना बोलवायचे. मोहरा हलवून मग हात वर केला, तर त्या खेपेचा हक्क गेलेला असतो.